मोठा झाला की सुधारेल

खोडकर मुलाबद्दल आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘याचं बूड एका जागी टिकत नाही’ हे पहिलं. आणि लगेच त्याच्यामागून, ‘जाऊ दे, मोठा झाला की सुधारेल’ हे दुसरं. पहिली तक्रार, दुसरा दिलासा. शाळेतल्या बाई म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात, आजी तर म्हणतेच म्हणते.

हे दुसरं वाक्य अस्सल आपल्याकडचं आहे असं मला वाटायचं. मागच्या वर्षी, वयाच्या २८व्या वर्षी, मला एडीएचडी असल्याचं निदान झालं आणि मी या आजाराचा इतिहास वाचायला लागले. तेव्हा हे वाक्य मला भलत्याच ठिकाणी भेटलं. आधी १७९८ साली छापलेल्या एका वैद्यकीय ग्रंथात. मग १९६८ साली, अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तकात. मधली १७० वर्षं शिकलेसवरलेले डॉक्टर जवळपास तेच म्हणत होते जे आजी म्हणते. आणि मुलं मोठी झाल्यावर खरंच सुधारतात का, हे मोठ्या झालेल्यांना नीट विचारायला आणखी काही वर्षं जावी लागली.

एडीएचडी म्हणजे काय हे हल्ली रील्समुळे सगळ्यांना माहीत असतं, निदान तसं वाटत तरी असतं. थोडक्यात सांगायचं तर तीन गोष्टी. लक्ष हवं तिथे लावता आणि टिकवता न येणं, अंगात किंवा डोक्यात सतत चुळबूळ असणं, आणि विचार पूर्ण व्हायच्या आत कृती होऊन जाणं. हे थोडंफार प्रत्येकात असतं. पण लहानपणापासून असेल, घरी, शाळेत, कामावर असं एकाहून जास्त ठिकाणी असेल, आणि त्यामुळे रोजचं जगणं अडत असेल तर त्याला आजार म्हणतात.

हा लेख त्या एका वाक्याच्या इतिहासाबद्दल आहे. कारण मोठ्या माणसाची तपासणी आज जशी होते, तिच्यातल्या बऱ्याचशा विचित्र गोष्टी त्या वाक्यातून आलेल्या आहेत.

दार आपटलं तरी

अलेक्झांडर क्रिक्टन हा एडिंबरामध्ये जन्मलेला डॉक्टर. पुढे तो रशियाच्या झारचा वैद्य झाला. १७९८ साली त्याने मानसिक विकारांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि त्यातलं एक प्रकरण ‘लक्ष आणि त्याचे आजार’ या विषयाला दिलं. त्याच्याही आधी, १७७५ साली, मेल्खिओर आडाम वायकार्ड या जर्मन वैद्याने लक्ष न लागण्यावर लिहिलं होतं आणि उपाय म्हणून थंड पाण्याची आंघोळ आणि घोडेस्वारी सुचवली होती. पण क्रिक्टनचं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, कारण ते आतून केल्यासारखं आहे.

तो सांगतो, काही माणसांना प्रत्येक गोष्ट हलवून सोडते. खोलीत कुणी येरझाऱ्या घातल्या, टेबल सरकवलं, दार आपटलं, उजेड थोडा जास्त झाला, थंडी थोडी वाढली, की झालं. लक्ष उडालं. अशी माणसं स्वतःच्या अवस्थेला एक खास नाव देतात, असंही तो नोंदवतो: फिजेट्स. म्हणजे चुळबूळ. ऑफिसातल्या मोकळ्या हॉलमध्ये, जिथे चाळीस माणसं एका छताखाली बसून कॉलवर बोलत असतात, तिथे काम करणाऱ्या कुणालाही हे वर्णन परकं वाटणार नाही.

क्रिक्टनचं म्हणणं होतं की हा दोष जन्मजात असू शकतो, किंवा दुसऱ्या एखाद्या आजारामुळे येऊ शकतो. जन्मजात असेल तर तो लवकर दिसतो आणि मुलाला एका विषयावर टिकू देत नाही. आणि मग ते वाक्य येतं: सुदैवाने वयानुसार हे बहुधा कमी होतं.

मुलं मोठी होईपर्यंत त्यांची पद्धतशीर नोंद ठेवण्याची रीत त्या काळात नव्हती. वाक्य समंजस होतं, धीर देणारं होतं. ते राहिलं.

त्रास कुणाला?

क्रिक्टनच्या वर्णनात त्रास ज्याचा त्याला होत होता. पुढच्या शतकात ही बाजू पालटली.

फ्रँकफुर्टचा डॉक्टर हाइनरिख हॉफमन १८४४ सालच्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधत होता. दुकानातलं एकही पसंत पडेना, म्हणून त्याने कोरी वही विकत आणली आणि स्वतःच गोष्टी रचून चित्रं काढली. पुढच्या वर्षी ते पुस्तक छापलं गेलं आणि ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने जगभर गेलं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये भर पडत गेली. त्यात एक चुळबुळ्या फिलिप आहे. तो जेवणाच्या टेबलावर खुर्ची झुलवत बसतो आणि शेवटी टेबलक्लॉथसकट सगळं जेवण खाली ओढतो. दुसरा एक योहान. तो आकाशाकडे बघत चालतो आणि नदीत पडतो. एडीएचडीवरच्या व्याख्यानांत आजही ही दोन चित्रं हमखास दाखवतात. मला त्यातली एक गोष्ट लक्षात राहिली: फिलिपला काय होत होतं हे आपल्याला कळत नाही. आई-वडिलांचं जेवण सांडलं, एवढं कळतं.

१९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्यानं दिली. त्याने पाहिलेल्या मुलांमध्ये बुद्धी शाबूत होती, पण स्वतःला आवरता येत नव्हतं. रागावली की आवरत नव्हती, शिक्षा केली तरी पुन्हा तेच करत होती, लक्ष टिकत नव्हतं. त्यात मुलगे जास्त होते. स्टिलचा कल याचं कारण शरीरात, मेंदूत शोधण्याकडे होता. हा संस्काराचा दोष नाही, असं म्हणण्याच्या तो अगदी जवळ आला होता. पण त्याने नाव दिलं ते ‘नैतिक नियंत्रणातला दोष’. सगळ्यांच्या हिताला धरून वागण्याची ताकद, असा त्याचा अर्थ त्याला अभिप्रेत होता. नाव मात्र चिकटलं, आणि नावातला ‘नैतिक’ हा शब्द कानावर पडला की माणूस पुढचं ऐकत नाही.

आपण स्टिलला हसू नये. आपल्या भाषेत या आजारासाठी शब्दांची कमतरता नाही. धांदरट, वेंधळा, विसरभोळा, उनाड, कामचुकार, आरंभशूर. यातला एकही शब्द आजाराचा नाही. सगळे स्वभावाचे आहेत, आणि तेही बोट दाखवून बोलायचे. ‘आरंभशूर’ हा तर माझ्या मते मोठेपणीच्या एडीएचडीसाठीचा सगळ्यात नेमका शब्द आहे: ज्याला सुरुवात जमते आणि शेवट जमत नाही. फक्त तो शिवी म्हणून वापरतात.

गणिताच्या गोळ्या

या आजाराचं औषध आजाराला नाव मिळण्याच्या आधी सापडलं, आणि तेही चुकून.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात ब्रॅडली होम नावाचं मुलांचं रुग्णालय होतं. जॉर्ज ब्रॅडली यांच्या मुलीला लहानपणी मेंदूज्वरासारख्या आजाराने कायमचं अपंगत्व आलं होतं. तिच्या नावाने त्यांनी ते उभारलं. तिथे चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या मेंदूचे एक्स-रे काढत. त्यासाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढून हवा भरावी लागे आणि नंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. कण्यातलं पाणी लवकर पुन्हा तयार व्हावं या आशेने ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन, म्हणजे ॲम्फेटामिन, देऊन पाहिलं. डोकेदुखीवर फारसा फरक पडला नाही. पण शिक्षक सांगू लागले की मुलं वर्गात वेगळीच वागतायत.

१९३७ साली ब्रॅडलींनी हे प्रसिद्ध केलं. ३० मुलं. एक आठवडा औषधाशिवाय, एक आठवडा औषधासह, पुन्हा एक आठवडा औषधाशिवाय. १४ मुलांच्या अभ्यासात थक्क करणारी सुधारणा झाली. गोळी बंद झाली की फरकही गेला. उत्तेजक औषध घेऊन मूल शांत कसं होतं हे कुणालाच समजेना. मुलांनी मात्र त्यांना नाव देऊन टाकलं होतं: गणिताच्या गोळ्या.

मग काय झालं? बराच काळ जवळपास काहीच नाही. त्या काळात मनोविकारांचं मूळ बालपणीच्या घटनांमध्ये आणि आईच्या वागण्यात शोधायची हवा होती. गोळीने अभ्यास होतो ही बातमी त्या हवेत विरून गेली.

गंमत अशी की तीच औषधं मोठी माणसं बिनदिक्कत घेत होती. बेन्झेड्रिन चोंदलेल्या नाकासाठी इनहेलरमधून मिळायचं, वजन कमी करायला घ्यायचे, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना झोप येऊ नये म्हणून ॲम्फेटामिन वाटलं गेलं. १९४४ साली बाझलच्या सिबा कंपनीत लेआंड्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने मिथाइलफेनिडेट तयार केलं. त्यांच्या पत्नीचं नाव मार्गेरित, लाडाचं रीटा. ती टेनिस खेळायच्या आधी ते घ्यायची, आणि तिच्या नावावरून औषधाला नाव पडलं रिटालिन. ते बाजारात आलं तेव्हा थकवा आणि उदासीनता यांसाठी, म्हणजे मोठ्यांसाठी, विकलं जायचं. ते लहान मुलांचं औषध नंतर झालं. आणि इतकं झालं, की मोठ्यांनाही त्याची गरज असू शकते हे पुन्हा नव्याने शोधावं लागलं.

उरलेले

१९६८ साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम या निदानग्रंथाची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात हा विकार ‘बालपणातली अतिचंचल प्रतिक्रिया’ या नावाने आला. नावातच बालपण. दोन वाक्यांच्या वर्णनात शेवटी म्हटलं होतं की किशोरवयात हे वर्तन बहुधा कमी होतं. क्रिक्टनचं वाक्य आता अधिकृत झालं.

ते मोडायला सुरुवात झाली ती तीन बाजूंनी.

माँट्रियालमध्ये व्हर्जिनिया डग्लस या मानसशास्त्रज्ञ म्हणत होत्या की आपण चुकीच्या गोष्टीकडे बघतोय. मुलाचं हलणं-पळणं दिसतं म्हणून आपण तेच मोजतो. खरी अडचण लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला थांबवण्यात आहे. त्यांचं १९७२ साली छापलेलं भाषण फार महत्त्वाचं ठरलं, कारण पळापळ वयानुसार थांबते. लक्षाचं तसं होईलच असं नाही. मोठा माणूस मीटिंगमध्ये खुर्चीवर चढत नाही. तो फक्त तिथे नसतो.

त्याच शहरात गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी एक साधं आणि चिकाटीचं काम केलं. अतिचंचल मुलांचा त्या मोठ्या होईपर्यंत पाठपुरावा करत राहिल्या. अनेक जण मोठेपणीही अडखळत होते. ‘सुधारेल’ म्हणणाऱ्यांपैकी कुणीतरी पहिल्यांदाच थांबून बघितलं होतं.

आणि १९७६ साली युटा विद्यापीठात पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ प्रौढांचा अभ्यास छापला. त्यांच्या तक्रारी अतिचंचल मुलांसारख्या होत्या. त्यांच्यापैकी ११ जणांना मिथाइलफेनिडेट आणि बिनऔषधाची गोळी आलटून पालटून दिली गेली. कुठली कधी हे ना त्यांना माहीत, ना डॉक्टरांना. आठ जणांना औषधाने स्पष्ट फरक पडला. अभ्यास छोटा होता. पण कुणीतरी मोठ्या माणसाला समोर बसवून विचारत होतं, की तुम्हाला काय होतं?

वेंडर आणखी एक प्रश्न विचारत: तुम्ही लहानपणी कसे होता? शक्य असेल तर आईलाही विचारत. ही पद्धत आजपर्यंत टिकली आहे.

१९८० साली डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीने नाव बदललं. ‘अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर’, अतिचंचलतेसह किंवा तिच्याशिवाय. मोठ्यांनाही पहिल्यांदा जागा मिळाली, पण कुठली? ‘अवशिष्ट प्रकार’. म्हणजे लहानपणी होता, आता जे काही उरलंय ते. कालच्या भाजीसारखे आम्ही उरलेले.

न बिघडलेल्या मुली

इथे माझी गोष्ट येते, कारण ‘अतिचंचलतेशिवाय’ या शब्दाला माझ्यासारख्या बायकांच्या आयुष्यात फार महत्त्व आहे.

‘मोठी झाली की सुधारेल’ असं माझ्याबद्दल कधी कुणी म्हटलंच नाही. कारण मी बिघडलेलीच नव्हते. मी मधल्या बाकावर खिडकीकडे बघत बसायचे. माझ्यामुळे कुणाचा टेबलक्लॉथ ओढला गेला नाही. प्रगतिपुस्तकात सहावीपासून दहावीपर्यंत शेऱ्यांचा एकच प्रकार: ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ परीक्षेच्या आदल्या रात्री भीतीने डोकं चालायचं, मार्क मिळायचे, आणि विषय संपायचा. मूल वर्गाला त्रास देतं तेव्हाच त्याला डॉक्टरकडे न्यायचं सुचतं, आणि शांत मुली वर्गाला त्रास देत नाहीत. मुलींमध्ये आणि बायकांमध्ये हा आजार सुटून जातो हे अमेरिकेतसुद्धा १९९०च्या दशकात कुठे मोठ्याने बोललं जाऊ लागलं. सारी सोल्डन यांचं बायकांच्या एडीएचडीवरचं पुस्तक १९९५ सालचं आहे.

इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली आणि आदली रात्र नाहीशी झाली. सॉफ्टवेअरच्या कामात परीक्षा नसते, रोज थोडं थोडं संपवायचं असतं. अवघड भाग मी उत्साहाने सोडवायचे. उरलेले कंटाळवाणे दोन तास, म्हणजे टेस्ट लिहिणं, डॉक्युमेंट करणं, तिकीट बंद करणं, यांचे दोन आठवडे व्हायचे.

जागतिक आरोग्य संघटनेसोबत तयार झालेली एक प्रश्नावली आहे, २००५ साली प्रसिद्ध झालेली. तिचे पहिले सहा प्रश्न चाळणीसारखे वापरतात. त्यातला अगदी पहिला प्रश्न असा आहे, की अवघड भाग झाल्यावर कामाचा शेवटचा तपशील पूर्ण करणं तुम्हाला किती वेळा जड जातं? मी तो तीनदा वाचला. ज्याला इतकी वर्षं आळस म्हणत आले ते कुणीतरी पहिल्या क्रमांकावर छापून ठेवलं होतं.

पण चाळणी म्हणजे निदान नाही. पुण्यातल्या मनोविकारतज्ज्ञांनी दोन भेटींत मिळून जवळपास तीन तास घेतले. झोप, थायरॉइड, नैराश्य, चिंता, सगळं आधी विचारलं, कारण लक्ष न लागण्याची कारणं पुष्कळ असतात. रक्त तपासलं. मग नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या ‘दिवा’ नावाच्या मुलाखतीप्रमाणे प्रत्येक लक्षण दोनदा विचारलं: आता कसं आहे, आणि लहानपणी कसं होतं. जुनी प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली. आणि म्हणाल्या, “आईंना फोन लावता का?”

२८ वर्षांच्या बाईच्या तपासणीत आईला फोन! मला तेव्हा ते हास्यास्पद वाटलं. आता कळतं की तो फोन वेंडरचा आहे. २०१३ सालच्या डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीने मोठ्यांसाठी निकष सैल केले. १७ वर्षांपुढे सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात आणि ती सातऐवजी बाराव्या वर्षाआधी दिसलेली असली तरी चालतात. पण लहानपणाचा पुरावा लागतोच. आम्ही मॅनेजरला सांगतो ना, की बग आजच्या रिलीजमुळे आला की आधीपासून होता हे बघायला जुने लॉग काढा. प्रगतिपुस्तक म्हणजे माझे लॉग. आई ही एकमेव सिनिअर, जिला जुना कोड आठवतो.

आई स्पीकरवर होती. डॉक्टरांनी विचारलं, “लहानपणी वस्तू हरवायची का?” आई म्हणाली, “अहो डॉक्टर, एका पावसाळ्यात चार छत्र्या. अगदी हिच्या बाबांवर गेलीये.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

औषधाचं दुकान

तपासणीनंतर ईसीजी झाला, रक्तदाब पाहिला आणि मला मिथाइलफेनिडेटची कमी मात्रेची गोळी लिहून दिली. चिठ्ठी पाहून घराजवळच्या दोन दुकानांनी मान हलवली. तिसऱ्याने गोळी मागवून देतो म्हटलं आणि चिठ्ठीवर नजर टाकून विचारलं, “मुलाचं वय किती?”

यामागेही इतिहास आहे. १९७१ साली व्हिएन्नामध्ये मनोवर परिणाम करणाऱ्या पदार्थांवरचा आंतरराष्ट्रीय करार झाला. ॲम्फेटामिन आणि मिथाइलफेनिडेट दोन्ही त्याच्या कडक यादीत आहेत. युद्धापासून चाललेल्या गैरवापराचा तो परिणाम. भारताचा १९८५ सालचा एनडीपीएस कायदाही या औषधांना त्याच नजरेने पाहतो. म्हणून अमेरिकेत प्रसिद्ध असलेलं ॲडरॉल इथे मिळत नाही, मिथाइलफेनिडेट मिळतं पण बऱ्याच दुकानांना ते ठेवणं कटकटीचं वाटतं. काही जणांना डॉक्टर ॲटोमॉक्सेटिन देतात. ते उत्तेजक नाही, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. हे औषध मुळात नैराश्यासाठी तयार केलं होतं, तिथे ते चाललं नाही. २००२ साली अमेरिकेत एडीएचडीसाठी त्याला मान्यता मिळाली ती मुलांसोबत मोठ्यांसाठीही.

मिथाइलफेनिडेट मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन परत शोषलं जाण्याचा वेग कमी करतं, म्हणजे ती रसायनं थोडी जास्त वेळ कामावर राहतात. पहिल्या दिवशी डोक्यात काही दिवा पेटला नाही. दुपारी लक्षात आलं की मी एक कंटाळवाणं डॉक्युमेंट शेवटच्या ओळीपर्यंत लिहून पाठवलेलं आहे आणि त्यासाठी स्वतःशी भांडले नाही. एवढंच. डबा मात्र तसाच परत आला, कारण भूक मरते. उशिरा घेतली तर झोप जाते. गोळी दिवसाचे काही तास हातात देते, त्या तासांत काय करायचं हे सांगत नाही. त्यासाठी वेगळे उपचार आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीव्हन साफ्रन यांच्या गटाने मोठ्यांसाठी बसवलेली संवादोपचाराची पद्धत त्यातली एक: कामाचे तुकडे पाडणं, सगळं एकाच कॅलेंडरमध्ये ठेवणं, डोकं भरकटलं की ते कागदावर टिपून परत येणं. २०१० साली ८६ प्रौढांवर केलेल्या चाचणीत, औषध चालू असतानाही ज्यांचा त्रास उरला होता त्यांना याचा फायदा झाला. मीही हे शिकतेय. आरंभ झालाय, एवढं म्हणते.

शंका

आता दुसरी बाजू. ती न सांगता हा इतिहास पुरा होत नाही.

मुलांचं वर्तन मोजण्याची जगभर वापरली जाणारी मोजपट्टी कीथ कॉनर्स यांनी केली. आयुष्यभर या आजारावर काम केलेले हेच कॉनर्स म्हातारपणी अमेरिकेतल्या निदानांचे वाढते आकडे पाहून जाहीरपणे संतापले होते. औषध कंपन्यांच्या जाहिरातींनी आजार फुगवला, हे त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा आजही चालू आहे. २०१५ साली त्यांच्या ३८व्या वर्षाची आकडेवारी आली. लहानपणी निदान झालेली ६१ मुलं होती. त्यांतल्या फक्त तिघांना मोठेपणी तेच निदान लागू होत होतं. उलट मोठेपणी ज्यांना निकष लागू झाले, त्यांतल्या जवळपास ९० टक्क्यांना लहानपणी तो आजार नव्हता. म्हणजे आजी बरोबर होती का?

आकडे पुढेही वाचावे लागतात. लहानपणी निदान झालेले ते लोक ३८व्या वर्षी निकषांतून बाहेर पडले होते, पण चाचण्यांमध्ये त्यांच्या जुन्या उणिवा दिसत होत्या आणि आयुष्यही जास्त खडतर गेलं होतं. लक्षणांची संख्या कमी झाली होती. अडचण गेली नव्हती. आणि मोठेपणीच ज्यांना त्रास सुरू झाला त्यांचं दुखणं नेमकं काय, यावर वाद चालू आहे. माझ्या डॉक्टरांनी तीन तास का घेतले आणि सहा प्रश्नांवर का भागवलं नाही, याचं उत्तर या वादात आहे. मोबाइलवर सहा प्रश्न सोडवून कुणी स्वतःला निदान देऊ नये, याचंही.

बाबा

शेवटी एक अभ्यास. १९९० साली ॲलन झॅमेटकिन यांनी २५ अतिचंचल प्रौढांच्या मेंदूचे पेट स्कॅन छापले. त्यांच्या मेंदूत साखरेचा वापर कमी दिसला. असा स्कॅन करून निदान करता येत नाही, पण ‘मोठ्यांमध्ये हे खरंच असतं का’ या वादात त्या चित्रांनी मोठं वजन टाकलं. मला त्यातला एक तपशील विसरता येत नाही. ते २५ जण कोण होते? अतिचंचल मुलांचे आई-वडील. त्यांनी स्वतः हे औषध कधीच घेतलेलं नव्हतं.

हा आजार घराण्यात उतरतो. म्हणजे मुलीची फाइल उघडली की तिच्या मागे आणखी एक न उघडलेली फाइल असू शकते.

माझे बाबा १९६२ सालचे. आमच्या घराण्यात त्यांना आरंभशूर म्हणतात, तोंडावर. झेरॉक्सचं दुकान, मग केबलचा धंदा, मग एका मित्राबरोबर रोपवाटिका. सगळ्यांची पाटी त्यांनी स्वतः रंगवली. सगळ्यांच्या पाट्या आमच्या माळ्यावर आहेत. ते अतिशय कष्टाळू आहेत आणि आयुष्यभर त्यांनी स्वतःला आळशी मानलंय. डीएसएमची ती दुसरी आवृत्ती छापली गेली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. तिच्या हिशोबाने १९८०च्या सुमारास त्यांनी सुधारायला हवं होतं.

त्यांना एडीएचडी आहे का, हे मला माहीत नाही. मुलीने वडिलांचं निदान करायचं नसतं. पण ‘मोठा झाला की सुधारेल’ या वाक्याने काय केलं ते मला त्यांच्याकडे बघून कळतं. त्या वाक्यात वाईट हेतू कधीच नव्हता. त्याने फक्त एक मुदत घालून दिली, आणि मुदत संपल्यावर जो सुधारला नाही त्याच्यासाठी दोष सोडून काही शिल्लक ठेवलं नाही.

मी त्यांना ते सहा प्रश्न वाचायला दिले. त्यांनी चष्मा लावून वाचले, पेनाने खुणा केल्या, कागद घडी घालून खिशात ठेवला. दोन दिवसांनी म्हणाले, “अगं, आता या वयात सुधारून काय करू?”

मी म्हटलं, “सुधारायचं नाहीये बाबा. नुसतं विचारायचंय.”

पुढच्या महिन्यात माझी पुढची भेट आहे. ते बरोबर येतो म्हणालेत. गाडी चालवायला, असं म्हणालेत.